बाटलीचा मुहूर्त

बाळ झाल्याची बातमी कळली की लोक तीन प्रश्न विचारतात. "काय झालं?" हा पहिला. "वजन किती?" हा दुसरा. तिसरा प्रश्न विचारताना मात्र आवाज एकदम खाली येतो, मान पुढे येते आणि घरात कुणाचं तरी दिवाळं निघालं असावं अशा सुरात विचारलं जातं, "दूध आहे ना?"

हे 'दूध आहे ना' मी आयुष्यात दोनदा भरपूर ऐकलं. एकदा १९८८ साली, माझ्या मुलाच्या वेळी. आणि आता सुनेच्या वेळी. मधल्या काळात फोनची डायल गेली, बटणं आली, बटणंही गेली. हा प्रश्न जागचा हलला नाही. गॅस आहे ना, पाणी आहे ना, तसं दूध आहे ना. गंमत अशी की जिला विचारायचं ती आतल्या खोलीत असते आणि प्रश्न बाहेरच्या खोलीत विचारला जातो. उत्तरही बाहेरच्या खोलीतच तयार असतं. "आहे म्हणतात, पण पुरत नसावं." हे जे 'नसावं' आहे ना, त्याने आजवर जेवढ्या बाटल्या भरल्या असतील तेवढ्या कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीने भरल्या नसतील.

जाहिरातींना निदान कायदा तरी आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळाच्या दुधाच्या पावडरींच्या विक्रीवर आचारसंहिता घातली, तेव्हा ठरावाच्या बाजूने ११८ देश आणि विरोधात एकटी अमेरिका. आपण ११८ मध्ये होतो. पुढे १९९२ साली आपण स्वतःचा कायदा केला. पावडरीची जाहिरात बंद, दूध पाजायच्या बाटलीचीही बंद, इतकंच काय, डब्यावर हसऱ्या गुटगुटीत बाळाचं चित्रसुद्धा बंद. ते बाळ गेलं. पण बारशाला बाटल्यांचा सेट आहेर म्हणून आणणाऱ्या आमच्या वन्संना कुठलं कलम लावायचं? निळं झाकण, गुलाबी झाकण, सोबत बाटली धुवायचा ब्रश. "असू दे गं, लागतेच," म्हणाल्या. बाळ त्या दिवशी बारा दिवसांचं होतं.

आता 'लागतेच' म्हणजे कधी लागते, यावर मला चार शब्द बोलायचे आहेत. बाळंतिणीच्या खोलीत येऊन जाणारी प्रत्येक बाई, आणि हल्ली पुरुषही, बाटलीचा मुहूर्त काढत असतात. कुणी म्हणतं पहिल्या आठवड्यापासूनच सवय लावावी, नाहीतर पुढे तोंडात धरत नाही. कुणी म्हणतं तीन महिन्यांनी. शिकलेल्या घरांतून एक नवा पंथही निघाला आहे, तो म्हणतो बाटली दिसली तरी बाळाचं भविष्य अंधारात. या पंथाच्या बायका सुनेला भेटायला आल्या की ती ब्रश सोफ्याखाली लपवायची. मुहूर्त काढणारे असे पुष्कळ. पण बाळाच्या आणि आईच्या अंगाचं स्वतःचं एक पंचांग असतं, ते उघडून बघायला कुणी तयार नाही.

पहिले दोन-तीन दिवस दूध असं येतच नाही. येतो तो चीक. पिवळसर, घट्ट आणि चमचाभर. बाळाला त्या दिवशी एका वेळी लागतोही चमचा-दीड चमचाच. खरं दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. सिझेरियन झालं असेल तर थोडं मागे-पुढे. तोवर बाळाचं वजन जरासं उतरतं. शेकडा ७, कधी १० पर्यंतही. ते पुन्हा जन्माच्या वजनावर येतं १० ते १४ दिवसांत. आणि चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजत राहिलं की महिना-सव्वा महिन्यात आईचं आणि बाळाचं गणित बसतं. किती लागतं आणि किती बनवायचं ते दोघांच्या अंगवळणी पडतं.

आता आपलं जुनं कॅलेंडर बघा. पाचवी पुजतो पाचव्या दिवशी, तोवर दूध उतरलेलं असतं. बारसं बाराव्या दिवशी, तोवर वजन परत आलेलं असतं. आणि बाळंतीण खोलीबाहेर येते सव्वा महिन्याने, तोवर गणित बसलेलं असतं. हे जुळतं कसं, याचं मला कौतुक वाटतं. पण म्हणून 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. याच पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या चीक 'जड असतो' म्हणून पिळून टाकायला लावला आणि वर बाळाच्या जिभेवर मध चाटवला. कॅलेंडर चांगलं होतं, त्यात लिहिलेल्या नोंदी तपासून घ्याव्या लागतात, एवढंच.

तर तिसऱ्या दिवशी, म्हणजे जेव्हा दूध येण्याची वेळच झालेली नसते नेमक्या तेव्हा, बाहेरच्या खोलीत निकाल लागतो. "रडतंय बघा. भूक आहे त्याला. पोट भरत नाही." बाळ रडतं ते गरम होतं म्हणून, ओलं झालं म्हणून, आवाज झाला म्हणून, आत्या झुकझुकगाडी करून दाखवते म्हणून. पण घरात बाळाच्या रडण्याचा एकच अर्थ मान्य असतो. मग पावडरीचा डबा येतो. "नुसतं एकदा, रात्रीपुरतं." त्या रात्री बाळ चार तास झोपतं, सगळे म्हणतात, "बघा, म्हटलं नव्हतं?" आणि इथे शरीराचा कारभार सुरू होतो.

या कारभाराला मी तरी मानते. मागणी आली की पुरवठा वाढवायचा, मागणी थांबली की कमी करायचा. आमच्या रेशनिंग ऑफिसला जे उभ्या हयातीत जमलं नाही, ते बाईचं शरीर कुणाच्या सही-शिक्क्याशिवाय करतं. बाळाने जितकं ओढावं तितकं बनतं, रात्री ओढलं तर जास्तच चांगलं. पण पोटात पावडर गेली की बाळ ओढत नाही. ओढलं नाही की शरीर म्हणतं, बरं, उद्यापासून कमी करू. उद्या खरंच कमी पडतं. मग दोनदा डबा. आठवड्याभरात दूध पुरत नाही ही गोष्ट खरी होऊन बसते आणि बाहेरच्या खोलीला आपलं भविष्य खरं ठरल्याचं समाधान मिळतं. ज्योतिषाने पत्रिका बघायची आणि मग स्वतःच जाऊन अपघात घडवायचा, यातलाच प्रकार.

दूध पुरतं की नाही हे बघायला डोळे पुरेत. पहिला आठवडा संपताना दिवसाला सहा तरी लंगोट लघवीने ओले होताहेत का? वजन परत आलं का? झालं. हे दोन प्रश्न विचारणारी माणसं मला आवडतात. पण 'किती लंगोट ओले झाले' हे विचारलं की पुढचा प्रश्न 'ते धुतले कुणी' असा येतो, म्हणून कुणी विचारत नसावं.

बाटलीतही एक मेख आहे. अंगावर पिताना बाळाला मेहनत पडते. तोंड मोठं उघडायचं, जबडा चालवायचा, थांबायचं, पान्हा यायची वाट बघायची. बाटलीचं बोंड नुसतं तोंडात धरलं तरी दूध गळायला लागतं. माणूस कितीही लहान असला तरी माणूसच. विहिरीचं पाणी शेंदायचं की नळाखाली बादली लावायची, असं विचारलं तर तो काय सांगणार? काही बाळांना दोन्ही जमतं, तक्रार नसते. काही बाळं मात्र एकदा नळ बघितला की विहिरीकडे पाठ फिरवतात. आपलं बाळ कुठल्या जातीचं ते आधी कळत नाही, म्हणून शहाणी माणसं सांगतात की बाळ पुऱ्या दिवसांचं असेल, वजन धरत असेल, आई घरात असेल, तर तीन-चार आठवडे तरी बाटलीचं नाव काढू नका. सव्वा महिना थांबलात तर आणखी बरं. दूध काढायच्या पंपाचंही तेच. बाळ पीत असताना हौसेने वर पंपही लावला तर शरीराचा समज होतो की जुळं झालं. ते बिचारं दोघांचं बनवायला लागतं आणि मग छाती दगडासारखी होऊन बाई रात्रभर गरम पाण्याच्या घड्या ठेवत बसते.

आणि नोकरी नसेल, परगावी जाणं नसेल, आईची तब्येत ठीक असेल, तर बाटली लागते तरी कशाला, हे मला वन्संना विचारायचं होतं. विचारलं नाही. आहेर परत करता येत नाही.

इथे एक गोष्ट मी चेष्टा बाजूला ठेवून सांगते, कारण ती न सांगता पुढे जाणं बरं नाही. हे थांबणं-बिंबणं पुऱ्या दिवसांच्या, पिणाऱ्या बाळासाठी. बाळ दिवसांआधी आलं, काचेच्या पेटीत ठेवलं, ओढायची ताकद नाही, तर एक दिवसही थांबायचं नाही. पहिल्या काही तासांतच हाताने काढायला लागायचं. थेंब निघाला तर थेंब. दिवसाला आठ वेळा, त्यात एकदा-दोनदा रात्री. तेव्हा तो चमचाभर चीक औषधासारखा मोलाचा असतो आणि आईला आपलं दूध येत राहील याची हमीही त्यातूनच मिळते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातांच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली, ती अशाच बाळांसाठी. म्हणजे बाटली आणि पंप हे शत्रू नव्हेत. डॉक्टरांनी तपासून पावडर दिली तर तीही शत्रू नव्हे. औषध आहे, औषधासारखी द्यावी, आणि त्या आईने कुणापुढे मान खाली घालण्याचं कारण नाही. तपासणारा डॉक्टर असावा, आत्या नसावी, इतकंच माझं म्हणणं.

आता घरातल्या पुरुषांविषयी. आमच्या वेळी पुरुषांना बाळ दुरून दाखवलं जायचं. आता ते जवळ येतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण माझ्या मुलाने पाचव्या-सहाव्या दिवशीच सांगितलं, "आई, बाटली सुरू केली तर मलाही पाजता येईल. मलाही काहीतरी करायचंय." मी त्याला म्हटलं, "बाळा, बाळाला दोन टोकं असतात. एक टोक तुझ्या बायकोकडे आहे. दुसरं सध्या मोकळं आहे." तो खरंच कामाला लागला. लंगोट त्याचे, रात्री तीनला ढेकर काढायला खांद्यावर घेऊन फेऱ्या त्याच्या, तेल-पाण्याचं गरम पाणी त्याचं. महिनाभरात मुलगी त्याच्या खांद्याशिवाय झोपेना. बाटलीशिवाय प्रेम बसतं, असं माझं निरीक्षण आहे.

आमच्या ह्यांचा रस मात्र पंपात होता. सुनेसाठी पंप आणला तेव्हा ह्यांनी चष्मा लावून खोक्यावरचं सगळं वाचलं. गावी विहिरीवरचा पंप ह्यांनी पुष्कळ वर्षं सांभाळलेला, तेव्हा पहिला प्रश्न, "किती हॉर्सपॉवरचा आहे?" असो. पंपाचा इतिहासही मजेचा आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात या यंत्राचं पेटंट घेणारा माणूस कोण, तर एडवर्ड लास्कर, नावाजलेला बुद्धिबळपटू. जगज्जेता इमॅन्युएल लास्कर तो वेगळा. हा व्यवसायाने इंजिनिअर. बुद्धिबळाच्या पटावर वजिराची किंमत ठाऊक असलेला माणूस या कामाला लागला, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. बाकी राजे लोक एकेक घर सरकत सल्ला देत बसतात.

काढलेलं दूध काचेच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवलं की तासाभराने वर साय येते आणि खाली निळसर पाणी दिसतं. विहीणबाईंनी ते पहिल्यांदा बघितलं आणि किंचाळल्या, "अगं बाई, नासलं!" नासत नाही, नुसतं हलवलं की एक होतं. पण ह्यांनी त्या सायीकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून विरजण लावायचंच काय ते बाकी होतं. हे दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. मुंबईच्या मे महिन्यात २५ अंश कुठे असतात ते मला कळवा, मी राहायला येते. बर्फाच्या पाकिटांच्या थंड पिशवीत मात्र दिवसभर राहतं. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, गॅसवर उकळून नाही.

आणि पाजायचं कशाने? इथे मी वन्संच्या सेटवर मात केली. माळ्यावरून बोंडलं काढलं. नव्या लोकांना बोंडलं म्हणजे काय ते सांगायला हवं. पणतीला लांब चोच फुटली तर कशी दिसेल, तसं छोटं भांडं. माझ्या सासूबाईंच्या रुखवतातलं, चांदीचं. उघडं असल्यामुळे आतून बोट फिरवून घासता येतं, उकळता येतं. बाटलीच्या बोंडात जशी साय अडकून जंतू घर करतात तसं होत नाही. डॉक्टरही सांगतात, काढलेलं दूध बाळाला बाटलीपेक्षा वाटीने, चमच्याने दिलेलं बरं. आम्ही सांगत होतो तेव्हा ते गावंढळ होतं.

पण हे सगळं, म्हणजे दूध काढणं, साठवणं, बोंडलं, सरावासाठी आईने दुसऱ्या खोलीत जाऊन बसणं, हे आमच्या घरात कधी सुरू झालं? चौथा महिना सरत आला तेव्हा. तेव्हाच का? बाळाला वाटलं म्हणून? आईला वाटलं म्हणून? डॉक्टर म्हणाले म्हणून? यातलं काही नाही. सुनेला तीन आठवड्यांनी कामावर हजर व्हायचं होतं म्हणून. इतके दिवस बाहेरच्या खोलीत जो वाद चालला होता, त्याचा निकाल मस्टरने कधीच लावून ठेवला होता.

हिशेब करून बघा. १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा होती १२ आठवडे. २०१७ साली ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. बाळाला सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेपासून आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळे सांगतात. सहा महिने म्हणजेही तेवढेच. किती छान जुळलं! फक्त एक अट आहे. बाईने ऑफिसच्या खुर्चीवरून उठून थेट प्रसूतिगृहात जायला हवं. कारण २६ पैकी ८ आठवडे आधी घ्यायची सोय आहे, आणि तेवढे घेतले तर उरतात १८. बाळ चार महिन्यांचं. सुनेचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी पाच आठवडे आधीच झोपवलं, म्हणून आमच्या नातीच्या वाट्याला आले २१. पाच महिनेसुद्धा पुरे नाहीत. सहाव्या महिन्यानंतर मूल पेज खातं, नाचणीचं सत्त्व खातं, वाटीने पाणी पितं. बाटली तोंडाला न लावताच ते मोठं होऊ शकतं. म्हणजे बाटलीचा सगळा प्रश्न हा मधल्या चार-आठ आठवड्यांचा. ते आईला द्यायचे की बाटलीच्या कारखान्याला, एवढंच ठरवायचं आहे, आणि ते ठरवताना बाहेरच्या खोलीतलं कुणी हजर नसतं.

हे झालं ज्यांना रजा मिळते त्यांचं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात काम करणारीला या २६ आठवड्यांतलं काही लागू नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई विसाव्या दिवशी कामावर आली होती. तिला कुणी विचारलं नाही, "बाटली कधी सुरू केलीस?" तिला विचारलं ते, "किती खाडे झाले?"

माझी स्वतःची रजा तीन महिन्यांची होती. दोन आठवडे आधी गेले. मुलगा अडीच महिन्यांचा असताना मी बँकेत परत काउंटरवर बसले. सकाळी सातला पाजून निघायची ते संध्याकाळी सातला घरी. अकरा वाजता छाती भरून यायची. गिऱ्हाईकाच्या कडेवरचं मूल रडलं की पदराखाली सगळं ओलं व्हायचं. टोकन नंबर पुकारताना मी पदर छातीशी घट्ट धरून असायची. मग बायकांच्या बाथरूममध्ये जायचं आणि बेसिनमध्ये हाताने पिळून टाकायचं. बाहेरून दुसरी कुणीतरी कडी वाजवत असायची. नळ सोडला की ते पांढरं पाणी वाहून जायचं, आणि घरी त्याच वेळी माझ्या सासूबाई गाईच्या दुधात पाणी घालून बाटली भरत असायच्या. हेडऑफिसचे साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी त्या बेसिनजवळची फरशी ओली का, असा शेरा मारला होता.

कायदा आता पुष्कळ पुढे गेला आहे, हे खरं. ५० किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा हवी. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन वेळा जादा सुट्टी. कागदावर वाचताना डोळे भरून येतात. पण त्या पाळणाघरात मूल पोचवायचं कसं? डोंबिवलीहून सकाळी आठच्या गाडीत पाच महिन्यांचं मूल घेऊन चढून दाखवणारा माणूस मला बघायचा आहे, विशेषतः कायदा लिहिणारा. त्या डब्यात पर्स छातीशी धरून उभं राहता येत नाही. म्हणजे मूल घरी, आई ऑफिसात, आणि मध्ये पंप. मग पंपासाठी काय लागतं? एक खोली, एक खुर्ची, एक प्लग आणि एक कडी. वीस-पंचवीस मिनिटं. यापलीकडे काही नाही.

आपल्याकडे या खोलीला नाव मात्र फार सुंदर दिलं आहे. हिरकणी कक्ष. एसटीच्या स्टँडवर पाटी दिसते. एका स्टँडवर मी पाटीखालचं दार ढकलून बघितलं, कुलूप. किल्ली कंट्रोलरकडे. कंट्रोलर जेवायला गेलेले. खिडकीतून आत बघितलं तर खराटे, बादल्या आणि निवडणुकीची जुनी टेबलं. आता हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. मला लहानपणी ही गोष्ट ऐकून अभिमान वाटायचा. आता बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसून ऐकली की दुसरंच काहीतरी वाटतं. गडाला शत्रूचं भय होतं, दरवाजे सूर्यास्ताला बंद करणं भाग होतं, समजू शकतं. पण आमच्या ऑफिसांवर कोण चालून येणार आहे? तरीही आपण रोज लाखो हिरकण्या कड्यावरून उतरवतो, त्यांचं कौतुक करतो, महिला दिनाला गुलाबाचं फूल देतो. दरवाजा काही उघडत नाही.

सुनेने कामावर जाण्याआधीच ऑफिसला रीतसर पत्र लिहिलं होतं. उत्तरही रीतसर आलं. तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर ठेवतात त्या खोलीला लागून एक छोटी खोली देण्यात येत आहे, एसी आहे, प्लग आहे. पहिल्या दिवशी ती पिशवी घेऊन गेली. खोली स्वच्छ होती, खुर्चीही होती. फक्त कडी बाहेरून होती, आतून नव्हती. तिने आतून कडी लावून मिळावी असा अर्ज केला. अर्ज देखभाल विभागाकडे गेला, तिथून खरेदीकडे, तिथून इमारतीच्या मालकाकडे, कारण दाराला भोक पाडायला मालकाची परवानगी लागते. तोवर ती दाराला खुर्ची लावून, खुर्चीवर स्वतः बसून, पाठीने दार दाबून काम भागवत होती. घरी मी आणि ह्यांनी बोंडल्याने पाजलं. पहिले दोन दिवस नातीने सगळं माझ्या पातळावर सांडलं, तिसऱ्या दिवशी चटाचटा प्यायली.

कडी मंजूर झाल्याचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. नात आता आठ महिन्यांची आहे, दुपारी मऊ वरणभात खाते. बाटल्यांच्या त्या सेटमधला ब्रश तेवढा कामाला आला. ह्यांनी त्याने चष्म्याचं घर घासलं.